पूर्वजांचं घर नेमकं कुठे होतं? गोव्यात खानेसुमारीपासून चतुःसीमेपर्यंतचा माग

आमच्या घरी चवथीला एक वाद ठरलेला. माटोळी बांधून होते, आरत्या होतात, पातोळ्या पानात पडतात आणि थोरले काका सुरू करतात, "आम्ही मूळचे चोडणचे." आत्या लगेच म्हणते, "चोडण कसलं? मये!" सगळे हे बोलत असतात माशेलच्या घरात बसून. तीन वर्षांपूर्वी हा वाद कागदावर मिटवायचं मी मनावर घेतलं. वाद पूर्ण मिटला नाही, पण वाट सापडली. ती इथे लिहून ठेवतो, कारण गोव्यातल्या कितीतरी घरांत हाच वाद गावांची नावं बदलून चालू असतो.

माझी पहिली चूक आधी सांगतो. परदेशातले लोक जुन्या जनगणनेत पणजोबांचं नाव, वय, घर क्रमांक शोधतात असं ऐकलं होतं, म्हणून मी पोर्तुगीज खानेसुमारीची पुस्तकं घेऊन बसलो. दोन आठवडे गेले. एकही नाव मिळालं नाही, मिळणारही नव्हतं. आपल्याकडे खानेसुमारी गाव दाखवते, माणूस दाखवत नाही. गोव्यात माणूस सापडतो तो जमिनीच्या कागदात. आधी हे कोणी सांगितलं असतं तर माझे चौदा दिवस वाचले असते.

घरातल्या ट्रंकेपासून सुरुवात करा

कुठल्याही कार्यालयाची पायरी चढण्याआधी घरातलं सगळं बाहेर काढा. आजोबांची सेदुला किंवा बिल्येत (तेव्हाची ओळखपत्रं), पोर्तुगीज काळातली कराची पावती, लग्नाच्या नोंदीची प्रत, जुना पासपोर्त, खरेदीखताची वाळवी लागलेली नक्कल. कराच्या पावतीवर "मात्रिज" असा शब्द आणि पुढे आकडा दिसला तर तो वेगळ्या कागदावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. पुढे तोच आकडा कामाला येतो.

मग वडीलधाऱ्यांना विचारा. "आपण मूळचे कुठले?" हा प्रश्न मात्र विचारू नका, त्याचं उत्तर सगळ्यांनी पाठ केलेलं असतं. विचारायचं ते असं: पणजीचं माहेर कुठलं? घराला लागून कोणाचं भाट (बागायत) होतं? पाणी कुठल्या बांवीचं (विहिरीचं) भरत होते? शिगम्याचा रोंबाट कुठल्या मांडावर जायचा? श्राद्धाला कुठला भट यायचा? अशा प्रश्नांतून वाड्याचं नाव निघतं, आणि शोधात वाडा हा गावाइतकाच महत्त्वाचा आहे. माशेलचं जुनं घर नेमकं कुठे होतं याची माझ्या आत्येला खात्री नव्हती, पण "घराच्या उगवतीला व्हाळ (ओढा) होता" हे पक्कं आठवत होतं. शेवटी तो व्हाळच कामी आला.

कुळदेवाचं गाव लिहून घ्या, पण त्यावर घर बांधू नका. सोळाव्या शतकात देव हलले: मंगेश कुठ्ठाळीहून प्रियोळला, शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला, म्हाळसा वेर्ण्याहून म्हार्दोळला, रामनाथ लोटलीहून बांदिवड्याला, कामाक्षी रायहून शिरोड्याला, दामोदर मडगावहून जांबावलीला, सप्तकोटेश्वर दिवाडीहून नार्व्याला. आमचा देवकीकृष्ण चोडणहून मयेमार्गे माशेलला आला. म्हणजे देवाचं मूळ गाव तुम्हाला साडेचारशे वर्षांपूर्वीच्या घराण्याबद्दल सांगतं, खापरपणजोबांबद्दल नाही. मधल्या पिढ्या कुठेही जाऊन आलेल्या असू शकतात.

खानेसुमारी: काय मागायचं, काय नाही

पोर्तुगीज भारतात आधुनिक पद्धतीची खानेसुमारी १८८१ साली झाली. त्यानंतर १८८७, १९००, १९१०, १९२१, १९३१, १९४०, १९५० आणि १९६०. पणजीच्या कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालयात आणि पुराभिलेख खात्यात (आपण सगळे "आर्काइव्हज" म्हणतो तिथे) या छापील खंडांची चौकशी करा. मुक्तीनंतरची आकडेवारी भारताच्या जनगणना खात्याच्या संकेतस्थळावर आहे. घरोघरी भरलेले फॉर्म मात्र कोणालाच दाखवत नाहीत. १९४८ च्या जनगणना कायद्यानेच ते गोपनीय आहेत, त्यामुळे अर्जविनंत्या करून उपयोग नाही.

मग या तक्त्यांचा उपयोग काय? तीन गोष्टींसाठी होतो. पहिली, गावाचं त्या काळातलं नाव आणि ते कुठल्या प्रशासनाखाली होतं हे कळतं. दुसरी, गाव केवढं होतं ते कळतं. तक्त्यात "फोगु" असा रकाना दिसेल. फोगु म्हणजे चूल, अर्थात घर. आपला खानेसुमारी हा शब्दही "घरांची मोजणी" असाच आहे, त्यामुळे हा रकाना आपलासा वाटतो. गावात चाळीस चुली असतील तर त्या आडनावाची घरं हाताच्या बोटांवर मोजण्याएवढी, म्हणून पुढे दस्तात नाव सापडलं की तो आपलाच माणूस असण्याची शक्यता वाढते. गावात आठशे चुली असतील तर जपून पावलं टाका. तिसरी गोष्ट म्हणजे लोक कधी निघून गेले याचा अंदाज. गोव्याची लोकसंख्या १९१० साली ४,८६,७५२ होती, १९२१ साली ४,६९,४९४. अकरा वर्षांत सतरा हजारांनी कमी. १९१८ ची इन्फ्लुएन्झाची साथ याच काळातली आणि मुंबईची वाटही याच काळात रुळलेली. तुमच्या घराण्याचा माग या दशकात अचानक तुटत असेल तर मृत्यूच्या नोंदी आणि मुंबई, दोन्हीकडे बघा.

प्रशासकीय विभाग हा इथला खरा चकवा. तिसवाडी, बारदेस आणि साष्टी या जुन्या काबिजादी, म्हणजे पोर्तुगिजांनी आधी जिंकलेले भाग. पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा, सांगे, केपे, काणकोण या १७६३ ते १७८८ च्या दरम्यान आलेल्या नव्या काबिजादी. जुन्या कागदात तिसवाडी हे नाव शोधलंत तर मिळणार नाही, तिथे "इल्याश" म्हणजे बेटं असं लिहिलेलं असतं. मुरगाव साष्टीत धरलेला असतो. दक्षिणेकडच्या कागदांत अष्टागर, हेमाडबारसे, बाळ्ळी, चंद्रवाडी, काकोडे असे विभाग येतात, ते आज तालुके नाहीत. आणि धारबांदोडा तालुका तर २०११ सालचा, त्याचं नाव जुन्या कागदात शोधणं म्हणजे नातवाचं नाव आजोबांच्या पत्रिकेत शोधणं.

गाव आणि कोमुनिदाद (गावची सामाईक जमीन सांभाळणारी गावकरांची जुनी संस्था) एकच असतात असंही नाही. सेरुला नावाची कोमुनिदाद बारदेसातली फार मोठी, पण आज तुम्ही नकाशावर गाव म्हणून सुकूर, साल्वादोर द मुंद, पेन्ह द फ्रांस ही नावं वाचता. "आमचं घर सेरुल्यात" असं कागदावर असलं तर या साऱ्या गावांतून बघावं लागतं.

एका जन्मनोंदीत तीन पिढ्या

पोर्तुगालात १९१० साली प्रजासत्ताक आलं आणि त्या दशकात गोव्यातही सगळ्या धर्मांच्या लोकांना नागरी नोंदणी लागू झाली. आपल्या देशात इतरत्र हे भाग्य कमी लोकांना आहे. या जन्मनोंदीत बाळाचं नाव, आईबाप, आईबापांची गावं आणि दोन्हीकडच्या आजीआजोबांची नावं लिहिलेली असतात. तालुक्याच्या नागरी निबंधकाकडे अर्ज करताना साधा संगणकी दाखला मागू नका, त्यात चार ओळी येतात. मूळ नोंदीच्या पूर्ण मजकुराची नक्कल मागा. गोव्यात तिला "तेओर" म्हणतात, आणि खिडकीवर हा शब्द उच्चारला की समोरच्याला लगेच कळतं. फार जुनी पुस्तकं आर्काइव्हजमध्ये गेलेली असतात, तेव्हा "आमच्याकडे नाही" याचा अर्थ "नष्ट झालं" असा घेऊ नका.

नोंद हाती आली की दोन शब्द लाल पेन्सिलीने अधोरेखित करा: "नातुराल द" आणि "मोरादोर एं". पहिला म्हणजे अमुक ठिकाणचा जन्माचा, दुसरा म्हणजे सध्या अमुक ठिकाणी राहणारा. दोन्हींपुढची गावं वेगळी असतील तर त्या माणसाच्या आयुष्यात स्थलांतर झालंय. माझ्या पणजोबांच्या एका दस्तात हेच दोन शब्द भेटले: नातुराल मयेचे, मोरादोर माशेलचे. आत्या जिंकली. काका म्हणाले, "देव चोडणचा तो चोडणचाच."

आणखी काही शब्द पाठ करून ठेवा: "फिल्यु द" मुलगा, "नेतु" नातू, "विउवा" विधवा, "सोल्तेइरु" अविवाहित, "फालेसिदु" मयत, "एर्देइरुश द" म्हणजे अमक्याचे वारस. पुढे शेजारी ओळखण्यासाठी शेवटचा शब्द फार उपयोगी पडतो.

नावांच्या स्पेलिंगचं काय करायचं? कारकून कोंकणी उच्चार ऐकायचा आणि पोर्तुगीज कानाने लिहायचा. म्हणून पांडुरंगचा "पांडुरोंगो" होतो, लक्ष्मणचा "लोक्षिमोना", प्रभूचा "पोरोबो", भटाचा "बोटो", कामताचा "कामोतीं", शेणवींचा "सिनाय". "श"साठी ते रोमन एक्स वापरतात, "क"साठी पुष्कळदा क्यू. त्यामुळे केपे, केळशी, कवळे ही गावं सूचीत के या अक्षराखाली नसून क्यूखाली असतात. आपल्या घराण्यातली दहा-बारा नावं घ्या, प्रत्येकाची तीन-चार संभाव्य स्पेलिंगं लिहा आणि तो कागद कायम सोबत ठेवा. आडनावावर तर विसंबूच नका. दोन भाऊ वेगळ्या आडनावांनी नोंदलेले मी पाहिलेत, एक गावाच्या नावाने आणि दुसरा हुद्द्याच्या.

ख्रिस्ती घराण्यांना चर्चची बाप्तिस्मा, लग्न आणि मृत्यूची पुस्तकं त्याहून मागे नेतात. त्यासाठी आधी पाद्रीगुरूंना भेटून विनंती करायची, पुस्तकं कुठे आहेत ते तेच सांगतात.

जमिनीचा कागद: इथे घाई करू नका

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. पोर्तुगीज काळातल्या मिळकतीला बहुधा दोन ओळखी असतात. एक मात्रिज क्रमांक, म्हणजे महसुलाच्या पुस्तकातली करासाठीची नोंद. दुसरी जमीन नोंदणी कार्यालयातली "देस्क्रिसांव", म्हणजे मिळकतीचं वर्णन. वर्णनाचं पुस्तक "बी" मालिकेतलं असतं आणि मालकी कोणाकडून कोणाकडे गेली ती "इंस्क्रिसांव" "जी" मालिकेत. त्यामुळे जुन्या खरेदीखतात "अमुक क्रमांकाखाली, बी अमुक पुस्तकाच्या अमुक पानावर वर्णिलेली, मात्रिज अमुक" असं एक लांबलचक वाक्य असतंच. हे वाक्य म्हणजे पत्ता. ते जसंच्या तसं उतरवून घ्या, आकडा एकही चुकू देऊ नका.

हातात फक्त मात्रिज असेल तर महसूल पुस्तकावरून त्या वेळच्या मालकाचं नाव काढा, नावावरून नोंदणी कार्यालयाच्या सूचीत जा, सूचीवरून वर्णनाच्या पानावर, तिथून इंस्क्रिसांव धरून मागच्या मालकापर्यंत. उलट्या पावलांनी एकेक पिढी.

माझं घोडं इथेच अडलं होतं. माशेल फोंडा तालुक्यात, म्हणून मी फोंड्याला खेटे घालत राहिलो. एका कार्यालयात तर "अशी पुस्तकं कधी नव्हतीच" असं ठामपणे सांगण्यात आलं. शेवटी एका निवृत्त वकिलाने विचारलं, "इल्याशचं पुस्तक बघितलं का?" पोर्तुगीज काळात नोंदणी न्यायालयीन विभागाप्रमाणे, म्हणजे कोमार्काप्रमाणे चालायची आणि फोंड्याच्या मिळकती पुष्कळदा पणजीच्या, इल्याश कोमार्काच्या पुस्तकांत नोंदलेल्या असतात. तेव्हा आधी कोमार्का शोधा, मग तालुका.

वर्णनाच्या पानावर खरा खजिना असतो तो "कोंफ्रोंतासोंइश" या शब्दाखाली. आपली चतुःसीमा. नास्सेंत पूर्व, पोएंत पश्चिम, नोर्त उत्तर, सूल दक्षिण. प्रत्येक दिशेला कोण किंवा काय आहे ते लिहिलेलं असतं. सोबत मिळकतीचा प्रकार येतो: "पाल्मार" म्हणजे माडांचं भाट, "वार्झेअ" म्हणजे भातशेत, "ओइतेइरु" म्हणजे डोंगर, "पोसु" म्हणजे विहीर, "कामिन्यु" म्हणजे वाट. भाटाला स्वतःचं नावही असतं, आणि ते नाव आजही एखाद्या म्हाताऱ्या माडपाड्याला ठाऊक असतं. आमच्या पानावर पूर्वेला व्हाळ, पश्चिमेला सार्वजनिक रस्ता, दक्षिणेला देवस्थानची जमीन आणि उत्तरेला एकाचे "एर्देइरुश" होते. आत्येचा व्हाळ कागदावर पाहिला तेव्हा मी वाचनालयात मोठ्याने "अरे!" म्हणालो आणि सगळ्यांनी वळून बघितलं.

यापेक्षाही भरघोस कागद एकच: वाटणीचा "इन्व्हेंतार". गोव्यात १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता १८७० पासून लागू झाली. तिच्यामुळे माणूस वारला की वारस कोण आणि मालमत्ता काय यांची यादी न्यायालयात व्हायची. त्या फायलीत मुली, जावई, नातवंडं, मुंबईला गेलेला धाकटा, सगळे पत्त्यासकट येतात, आणि प्रत्येक मिळकतीची चतुःसीमाही. घराण्यात कधी वाटणीवरून भांडण झालं असेल तर देवाचे आभार माना. भांडखोर घराण्यांचे कागद सर्वांत चांगले जपलेले असतात.

एक गोष्ट स्पष्ट लिहायला हवी. हे सगळे कागद भाटकाराचे, मालकाचे. कसणाऱ्याचं आणि मुंडकाराचं, म्हणजे भाटकाराच्या जमिनीत घर करून राहणाऱ्याचं, नाव त्यांत सहसा येत नाही. अशा घराण्यांनी उलट दिशेने यावं. १९६४ चा कूळ कायदा आणि १९७५ चा मुंडकार कायदा यांच्याखाली मामलेदाराकडे जे अर्ज झाले, त्यांत घर किती वर्षांचं, कोणाच्या भाटात, आधी कोण राहत होतं अशी निवेदनं आणि साक्षी असतात. कोमुनिदादच्या शेतांची पावणी (लिलाव) व्हायची, तिच्या नोंदींत शेत घेणाऱ्याचं नाव येतं. आणि मालकाच्या चतुःसीमेत कधीकधी "अमक्याचं घर" असा उल्लेख निसटून येतो. तो निसटता उल्लेखच अनेकांचा एकमेव लेखी पुरावा असतो.

मयेत माझं असंच झालं. पणजोबा मयेचे हे कळलं, पण त्यांच्या वडिलांच्या नावावर तिथे काहीही सापडेना. कारण नंतर समजलं. मयेची बरीचशी जमीन एका कोंदीची, म्हणजे पोर्तुगीज सरंजामदाराची जहागीर. मुक्तीनंतर ती निर्वासित मालमत्ता म्हणून सरकारी अभिरक्षकाकडे गेली आणि तिथल्या रहिवाशांना सनदा मिळायची सोय झाली ती २०१४ च्या कायद्याने. ज्या गावात मालक एकच, तिथे मालकांच्या सूचीत आपलं नाव शोधून कसं सापडणार?

कोमुनिदाद, महाजनकी आणि मोडी

तुमचं घराणं गावकर, म्हणजे कोमुनिदादच्या मूळ हक्कदारांपैकी, असेल तर कोमुनिदादची पुस्तकं बघाच. गावकराचा मुलगा वयात आला की त्याची नोंद व्हायची, बापाच्या नावासकट आणि वांगडासकट (गावकरांतल्या कुळासकट), कारण त्यावर झोण, म्हणजे उत्पन्नातला वाटा, मिळायचा. पैशाचा संबंध असल्याने या याद्या काळजीपूर्वक ठेवलेल्या असतात. कोमुनिदाद प्रशासकांची कार्यालयं म्हापसा, पणजी आणि मडगाव इथे आहेत. मात्र झोणकार आज ज्या गावात राहतो ते गाव आणि त्याची कोमुनिदाद वेगळी असू शकते. मुंबईत तीन पिढ्या काढलेला माणूसही आपल्या मूळ कोमुनिदादचा गावकर असतोच.

देवस्थानात महाजनांची, म्हणजे देवस्थानाच्या हक्कदार घराण्यांची, सूची असते, १९३३ च्या माझानिया (महाजनकी) नियमावलीपासून ती रीतसर ठेवली जाते. कुळाव्यांच्या (त्या देवाला कुळदेव मानणाऱ्या घराण्यांच्या) वह्याही बघायला मिळतात. त्यासाठी अर्जापेक्षा जत्रेनंतरच्या निवांत दिवशी नारळ घेऊन जाणं जास्त फळतं.

नव्या काबिजादीतले अठराव्या-एकोणिसाव्या शतकातले गावकागद पुष्कळदा मराठीत, मोडी लिपीत आहेत. आपल्याला मराठी येतं म्हणून ते वाचता येतील असं समजू नका. मोडी शिकायला दोन-तीन महिने नेटाने द्यावे लागतात, नाहीतर जाणकाराला पैसे देऊन वाचून घ्या. जुन्या काबिजादीतले सोळाव्या-सतराव्या शतकातले काही कागद गोंयकानडी लिपीत आहेत. ती वाचणारे फारच थोडे, तिथे तज्ज्ञाशिवाय हात घालू नये.

पणजीचं आर्काइव्हज १५९५ साली स्थापन झालं, दियोगु दु कौतु हे त्याचे पहिले अभिलेखपाल. तिथे जाताना ओळखपत्र, पेन्सिल आणि एका दिवसाला एकच प्रश्न घेऊन जा. कर्मचाऱ्यांनी चार प्रश्न जास्त विचारले तर राग मानू नका. बनावट जुन्या दस्तांवर जमिनी लाटण्याची प्रकरणं गोव्यात एवढी वाढली की २०२२ साली विशेष तपास पथक नेमावं लागलं. त्याच कारणाने आपल्या दस्तांचे फोटो पुस्तक आणि पानांच्या आकड्यांसकट समाजमाध्यमांवर टाकू नका.

नकाशावर घर बसवणं

आता कागदावरची चतुःसीमा जमिनीवर उतरवायची. मुक्तीनंतर, १९७० च्या दशकात, गोव्याची नव्याने मोजणी झाली आणि सर्व्हे क्रमांक आले. जुना देस्क्रिसांव क्रमांक आणि नवा सर्व्हे क्रमांक यांना जोडणारा तयार तक्ता नाही. ती जोडणी आपणच करायची.

मी केलं ते असं. आधी भारतीय सर्वेक्षण खात्याचा १:५०,००० प्रमाणाचा नकाशा उतरवून घेतला, त्यात एक सेंटिमीटर म्हणजे अर्धा किलोमीटर. वाडे, व्हाळ, देवळं, पायवाटा दिसतात. अमेरिकी लष्कराने १९५० च्या दशकात छापलेले १:२,५०,००० चे नकाशे टेक्सास विद्यापीठाच्या ग्रंथालयाने खुले ठेवलेत, पण त्यांत एक सेंटिमीटर म्हणजे अडीच किलोमीटर, म्हणून गावाचं नाव त्या काळी कसं लिहीत एवढ्यापुरतेच ते कामाचे. लिस्बनच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या डिजिटल संग्रहातही गोव्याचे जुने नकाशे आहेत. देखणे आहेत, पण बहुतेक किल्ल्यांचे आणि बंदरांचे.

नकाशावर साल नसेल तर खुणांवरून ओळखा. मुरगावची रेल्वे दिसते का? मग तो १८८० च्या दशकानंतरचा. कुठ्ठाळीजवळ जुवारीवर पूल आहे का? मग १९८० नंतरचा. सांग्यात साळावलीचा जलाशय नसून कुर्डी गाव दिसत असेल तर नकाशा धरणाआधीचा. कुर्डीच्या लोकांना वाडे आणि व्हाळकोंड बसवून घ्यायचे असतील तर असा जुना नकाशा आणि मे महिन्यात पाणी ओसरल्यावर उघडं पडणारं गाव, दोन्ही एकत्र वापरता येतात.

जुना नकाशा नव्यावर चढवायला क्यूजीआयएस हे फुकट सॉफ्टवेअर पुरतं. गुगल अर्थमध्येही चित्र वर ठेवून पारदर्शक करता येतं, पण ओढाताण फार होते. नकाशा सपाट स्कॅन करा, मोबाइलचा तिरका फोटो चालत नाही. मग दोन्ही नकाशांवर सापडणाऱ्या सहा-आठ स्थिर जागा निवडा, चारी कोपऱ्यांत पसरलेल्या. जुन्या गोव्याची चर्चेस, राशोलची सेमिनरी, रेईश मागुश, पणजी-रायबंदर दरम्यानचा सतराव्या शतकातला लिन्यारिशचा पूल, नदीचे संगम. नदीचा काठ घेऊ नका, खाजनाचे (खाडीकाठच्या खाऱ्या शेतजमिनीचे) बांध फुटतात आणि काठ सरकतो. नकाशा ताणून बसवायच्या पद्धतींपैकी हाताने काढलेल्या नकाशासाठी "थिन प्लेट स्प्लाइन" निवडा, मोजणी करून काढलेल्यासाठी साधं पॉलिनोमियल.

वाड्यापर्यंत आलात की भूमापन खात्याचा गावचा सर्व्हे नकाशा काढा. भूनक्शा या संकेतस्थळावर तो बघता येतो, प्रमाणित प्रत पणजीतून किंवा तालुक्यातून मिळते. चतुःसीमेतले शेजारी बदलतात. व्हाळ, वाट आणि देवस्थान बदलत नाहीत. म्हणून पूर्वेला व्हाळ, पश्चिमेला रस्ता आणि दक्षिणेला देवस्थान असलेले सर्व्हे क्रमांक मी आधी वेगळे काढले. पाच निघाले. प्रत्येकाचा एक-चौदाचा उतारा (जमिनीच्या हक्कांची नोंद) काढला, तो गोवा ऑनलाइनवर मिळतो. कब्जेदाराच्या आणि इतर हक्कांच्या रकान्यात उत्तरेच्या त्या "एर्देइरुश"चं आडनाव एकाच क्रमांकाच्या शेजारी भेटलं. त्याचे फेरफार मागे तपासत गेलो तेव्हा जुनं नावही जुळलं. शहरी भाग असेल तर एक-चौदाऐवजी सिटी सर्व्हेचा फॉर्म डी बघा.

मग प्रत्यक्ष जा, पावसाळ्यानंतर आणि गवत कापलेलं असताना. पायाचे चिरे, तुळशीवृंदावनाचं जोतं, गडगा, माडांची सरळ रांग शोधा. आणि शेजाऱ्याला आधी सांगा की आपण जमिनीवर हक्क सांगायला आलो नाही. पहिल्या वाक्यातच.

सीमेपलीकडे गेलेले

काही घराणी सावंतवाडी, कारवार, मालवण, बेळगावकडे गेली. सावंतवाडी संस्थान १९४८ साली मुंबई प्रांतात विलीन झालं आणि रत्नागिरी जिल्ह्यात गेलं, सिंधुदुर्ग १९८१ चा. म्हणून सावंतवाडीचे मधल्या काळातले तक्ते रत्नागिरीखाली शोधा. कारवार १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होतं. मुंबई गॅझेटिअरचे १८८० च्या आसपासचे रत्नागिरी-सावंतवाडी आणि कानडा हे खंड तिथल्या गोवेकर घराण्यांच्या वस्त्यांबद्दल माहिती देतात. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत मात्र गाव बदललं तरी घराणं एकाच खात्यात राहतं. तिथे आडनावापेक्षा मूळ गावाच्या नावाने विचारा, आणि माहीत असलेली सगळी गावं सांगा.

माशेलचं आमचं जुनं घर सापडलं ते आता घर नाही. तिथे तीन मजली इमारत आहे, खाली औषधांचं दुकान. व्हाळाला गटाराचं रूप आलंय. बांव मात्र इमारतीच्या मागे शिल्लक आहे, चिऱ्यांनी बांधलेली, वर लोखंडी जाळी. दुकानदाराने टॉर्च लावून आत दाखवलं. पाणी होतं.

गेल्या चवथीला मी सगळे कागद टेबलावर मांडले. काकांनी चष्मा लावून वर्णनाचं पान दोनदा वाचलं आणि विचारलं, "हे माशेलचं झालं. मयेत कुठल्या वाड्यावर?" आत्या म्हणाली, "तळ्याकडे." काका म्हणाले, "छे, नार्व्याच्या बाजूला." सनदांसाठी झालेल्या अर्जांत कोणीतरी जुन्या शेजाऱ्यांची नावं लिहिलेली असणार. पुढचा अर्ज मी त्या फायली बघण्यासाठी केलाय.